टेबलवाले कॉड साहेब

आपल्या डीबीएमएसच्या सिलॅबसमध्ये एक नाव दोनदा येतं. एकदा बारा नियमांच्या प्रश्नात आणि एकदा बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्ममध्ये. दोन्ही वेळा आपण ते पाठ करतो, पाच मार्कांचं उत्तर लिहितो आणि पेपर झाला की मेसमध्ये जेवताना विसरूनही जातो. हा माणूस कोण, कुठला, कशासाठी आयुष्यभर भांडला हे कोणी सांगत नाही. बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स यांच्या गोष्टी पेपरात येतात, कॉड साहेबांचा साधा फोटोही आपल्या लॅबमध्ये नाही. म्हणून मराठी विभागासाठी काही तरी लिही असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी यांनाच निवडलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या वऱ्हाडात कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, पण माझी खरोखरची होती, सिस्टरवाली. त्यामुळे माझी मराठी जरा सांभाळून घ्या.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या पोर्टलंड बेटावर झाला. मित्र त्यांना टेड म्हणत. वडील चामड्याच्या मालाचे कारखानदार, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत हे शेंडेफळ. स्कॉलरशिप मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात गेले. तिथे आधी रसायनशास्त्र आणि मग गणित. पण तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटलेले होते. कॉड रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले आणि पायलट झाले. युद्ध संपल्यावर पुन्हा ऑक्सफर्डला येऊन १९४८ मध्ये त्यांनी गणिताची डिग्री पूर्ण केली आणि थेट अमेरिका गाठली. न्यूयॉर्कला मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात काही दिवस पुरुषांचे कपडे विकले, मग टेनेसी विद्यापीठात काही महिने गणित शिकवलं. कँपसमध्ये सिलेक्शन झालं नाही म्हणून रूमचं दार लावून बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की रिलेशनल डेटाबेसचा जनक आधी काउंटरवर उभा राहून शर्ट विकत होता.

१९४९ मध्ये ते आयबीएममध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. त्या वेळचं मशीन म्हणजे हजारो व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले असलेली एक अख्खी खोली. न्यूयॉर्कच्या ऑफिसात ती रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेतून दिसेल अशी मांडलेली होती. १९५३ मध्ये मात्र कॉड यांनी अमेरिका सोडली. तेव्हा सिनेटर मॅकार्थी यांनी जो तो कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन लोकांना छळायचा सपाटा लावला होता. कॉड यांना ते सहन झालं नाही आणि ते कॅनडात ओटावाला निघून गेले. चार वर्षांनी परतले, पुन्हा आयबीएममध्येच. चांगली नोकरी आणि नुकताच बसलेला जम तत्त्वासाठी सोडायचा, हा स्वभाव पुढेही दिसतो, म्हणून इथे सांगितलं.

परत आल्यावर त्यांनी स्ट्रेच या कॉम्प्युटरवर काम केलं. एकाच मशीनवर अनेक प्रोग्राम एकत्र कसे चालवायचे हा तिथला प्रश्न. मग कंपनीच्या स्कॉलरशिपवर मिशिगन विद्यापीठात शिकायला गेले आणि १९६५ मध्ये पीएच.डी. मिळवली, वयाच्या बेचाळिशीत. विषय होता स्वतःची प्रत स्वतः बनवणारी यंत्रं, म्हणजे सेल्युलर ऑटोमाटा. फॉन नॉयमन यांनी जे एका चौकटीच्या २९ अवस्था वापरून केलं होतं, ते कॉड यांनी फक्त ८ अवस्थांत करून दाखवलं. डुप्लिकेट तयार कसे करायचे यावर पीएच.डी. करणारा माणूस पुढे डुप्लिकेटचा सर्वात मोठा शत्रू झाला, हे मला फार गमतीचं वाटतं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी ते कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम लॅबमध्ये आले. आता खरी गोष्ट सुरू होते.

त्या वेळी आयबीएमचं आयएमएस नावाचं प्रॉडक्ट जोरात होतं. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या रॉकेटला लागणाऱ्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळायला ते जन्माला आलं. त्यात माहिती झाडासारखी ठेवलेली असते, वर मूळ आणि खाली फांद्या. ऐकायला छान वाटतं. पण आमच्या गावाचं उदाहरण घ्या. माझं गाव बीबी, लोणार तालुका, बुलढाणा जिल्हा. लोणारचं सरोवर सगळ्यांना माहीत असतं, बीबी कोणाला नसतं. समजा शेतजमिनीचं झाड केलं: जिल्हा, त्याखाली तालुका, त्याखाली गाव, त्याखाली गट नंबर, त्याखाली मालक. आता एखाद्याचं एक वावर बीबीत आणि दुसरं शेजारच्या गावात असेल तर त्याचं नाव, पत्ता, सगळं दोन फांद्यांवर दोनदा लिहावं लागणार. त्याने घर बदललं की एका ठिकाणी पत्ता बदलेल आणि दुसऱ्या ठिकाणी जुनाच राहील. मग खरा कोणता? शिवाय एका माणसाची एकूण जमीन किती हे विचारायचं तर प्रोग्राम वरून खाली सगळ्या फांद्या चढत-उतरत फिरणार. आणि उद्या झाडाची रचना बदलली की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहा.

कॉड गणितवाले होते. त्यांना वाटलं, हे प्रोग्रामरने फांदीफांदीवरून लटकत जाणं बंद झालं पाहिजे. १९६९ मध्ये त्यांनी आयबीएमच्या आत एक रिपोर्ट लिहिला आणि जून १९७० मध्ये एसीएमच्या मासिकात तो प्रसिद्ध पेपर छापून आला, मोठ्या सामायिक डेटा बँकांसाठी रिलेशनल मॉडेल सुचवणारा. कल्पना इतकी साधी की आता ती शोध वाटतच नाही: सगळी माहिती टेबलांत ठेवा. टेबल म्हणजे ओळींचा संच. संच म्हटलं की अकरावीतलं गणित आठवा. संचात क्रम नसतो आणि एकच घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच असतो. म्हणजे टेबलातल्या कुठल्याही दोन ओळी तंतोतंत सारख्या असूच शकत नाहीत. मग एखादी ओळ नेमकी कशी ओळखायची? ती पहिली की दहावी यावरून नाही, डिस्कवर कुठे पडली आहे यावरूनही नाही. फक्त तिच्या आतल्या किमतींवरून. ज्या कॉलमवरून किंवा कॉलमांच्या जोडीवरून ओळ नक्की ओळखता येते, त्याला त्यांनी प्रायमरी की म्हटलं. दुसऱ्या टेबलातून तिच्याकडे बोट दाखवायचं तर फॉरेन की. झालं. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जे करतो ते सगळं त्या एका पेपरात आहे.

की निवडणं मात्र सोपं नाही, आणि ते खरं कळतं गावात. गट नंबर घ्या. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण तोच नंबर शेजारच्या गावातही असतो. म्हणून गाव आणि गट नंबर मिळून की होते, आपल्या भाषेत काँपोझिट की. बरं, गावाचं नाव तरी एकमेव आहे का? चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यात बिबी नावाचं गाव आहेच. म्हणजे आमच्या गावालाही डुप्लिकेट! फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि इंग्रजीत लिहिताना तोही उरत नाही. म्हणून तालुका जोडा, जिल्हा जोडा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिला गेला, तो याच कटकटीतून सुटायला.

आणि माणसं? आमच्या गावात दोन म्हातारे आहेत. नाव एक, वडिलांचं नाव एक, आडनाव एक. त्यातले एक माझे आबा. गावाला काही अडचण नाही, एक वेशीजवळचे आणि एक मळ्यातले. पण एका वर्षी एका अनुदानाची यादी लागली. कोणत्या ऑफिसची ते लिहीत नाही. यादीत फक्त नाव, गाव आणि रक्कम. दोन ओळी अगदी सारख्या दिसल्या म्हणून कोणीतरी त्यातली एक डुप्लिकेट समजून उडवली. उडाली ती आमची. आबांनी सात महिने चकरा मारल्या. पेरणीचं बी आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर आणलं, त्याचं व्याज वेगळं. शेवटी मळ्यातले आबा स्वतः त्यांच्यासोबत एस.टी.ने तालुक्याला गेले आणि दोघं जण टेबलासमोर शेजारी उभे राहिले. दोन माणसं आहेत हे दाखवायला दोन माणसंच न्यावी लागली.

हे कॉड यांच्या दृष्टीने बघितलं तर चूक ओळ उडवण्याच्याही आधीची आहे. त्या यादीला कीच नव्हती. कॉड सांगत होते ते डुप्लिकेट दिसला की डिलीट करा एवढंच नाही. ते सांगत होते की टेबल बनवतानाच असा कॉलम ठेवा, की जगात दोन गोष्टी असतील तर टेबलात त्या दोन वेगळ्या ओळी दिसतील आणि एक असेल तर एकच. तसा कॉलम नसेल तर सारख्या दोन ओळींपुढे कोणीही हतबल आहे, माणूस असो की मशीन. दोन माणसं आहेत की एक माणूस दोनदा लिहिला, हे टेबल सांगूच शकत नाही.

आता परत सॅन होजेला जाऊ. तुम्हाला वाटेल की आयबीएमने कॉड यांना डोक्यावर घेतलं असेल. मुळीच नाही. आयएमएसमधून पैसा येत होता, आणि स्वतःच्याच चालत्या दुकानासमोर दुसरं दुकान कोण काढेल? शिवाय त्यांचे पेपर इतके गणिती होते की बऱ्याच जणांना ते कळलेच नाहीत. बाहेरचे लोक म्हणत, हे कागदावर ठीक आहे, मशीनवर भयंकर स्लो चालेल. १९७४ मध्ये ॲन आर्बर इथे एक मोठा जाहीर वाद झाला. एका बाजूला कॉड आणि दुसऱ्या बाजूला चार्ल्स बाकमन, ज्यांना आदल्याच वर्षी नेटवर्क पद्धतीच्या डेटाबेससाठी ट्युरिंग अवॉर्ड मिळालं होतं. बाकमन यांच्या मते प्रोग्रामर हा डेटामधून वाट काढणारा नावाडी. कॉड यांच्या मते त्याला वाट काढावी लागणं हाच रोग. हॉल दोन गटांत वाटला गेला. आपल्याकडच्या गॅदरिंगमधल्या सिव्हिल विरुद्ध मेकॅनिकलसारखं समजा, फक्त जास्त सभ्य.

कॉड गप्प बसणारे नव्हते. मॅनेजर ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आयबीएमच्या मोठ्या गिऱ्हाइकांनाच आपली कल्पना समजावली आणि त्यांच्याकडून दबाव आणला. अखेर सॅन होजेला सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू झाला. इकडे बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी कॉड यांचे पेपर वाचून इंग्रेस बनवायला घेतलं. सिस्टिम आरमध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी सीक्वेल नावाची भाषा तयार केली, तीच पुढे एसक्यूएल झाली. बॉइस म्हणजे आपल्या नॉर्मल फॉर्ममधले बॉइस. १९७४ मध्येच ते अगदी तरुण वयात अचानक वारले.

आणि इथे कॉड यांच्या घरातच भांडण लागलं. सीक्वेल बनवणाऱ्यांनी ठरवलं की सिलेक्टचं उत्तर येईल त्यात डुप्लिकेट ओळी राहू द्यायच्या. ज्याला नको असतील त्याने वेगळा शब्द लिहून मागायचं. तेव्हा तो शब्द युनिक होता, आज आपण डिस्टिंक्ट लिहितो. त्यांचं कारण खोटं नव्हतं. डुप्लिकेट काढायचे तर सगळ्या ओळी सॉर्ट कराव्या लागतात आणि सत्तरच्या दशकातल्या मशीनवर ते महाग होतं. शिवाय पगारांची सरासरी काढताना दोघांचा पगार सारखा असेल तर एक गाळून कसं चालेल? इंजिनिअरला हे पटतं. मलाही अर्धं पटतं.

कॉड यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की खरी गोष्ट दोनदा सांगितल्याने ती जास्त खरी होत नाही. टेबलातली प्रत्येक ओळ हे एक विधान आहे. तीच ओळ पुन्हा आली तर तिचा अर्थ काय? समजा आमच्याकडच्या अडत्याने आबांच्या नावावर सोयाबीनचा ५० किलोचा कट्टा अशा सारख्या तीन ओळी लिहिल्या. तीन कट्टे आले की कारकुनाने एकच कट्टा तीनदा लिहिला? तीन आले असतील तर नग असा कॉलम करा आणि त्यात ३ लिहा. वेगवेगळे ओळखायचे असतील तर प्रत्येकाला पावती नंबर द्या. आणि समजा एक ओळ चुकून जास्त पडली, तर ती काढणार कशी? एसक्यूएलमध्ये डिलीट लिहिताना अट द्यावी लागते आणि अट तीनही ओळींना सारखीच लागू पडते. काढाल तर तिन्ही जातील. ही अडचण मला पगाराच्या सरासरीपेक्षा मोठी वाटते, कारण सरासरी पगाराच्या टेबलात एम्प्लॉयी नंबर ठेवून सहज सुटते.

तिकडे लॅरी एलिसन यांच्या कंपनीने आयबीएमचेच छापलेले पेपर वाचून १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं, आयबीएमच्या स्वतःच्या एसक्यूएल प्रॉडक्टच्याही आधी. आयबीएमचं डीबी टू आलं १९८३ मध्ये. कल्पना कोणाची, कागद कोणाचे आणि श्रीमंत कोण झालं! कॉड यांना १९७६ मध्ये आयबीएम फेलो हा मान आणि १९८१ मध्ये ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, पण डुप्लिकेट ओळी सगळीकडे शिरल्या त्या शिरल्याच.

त्यातून आपल्या पोटापाण्याचे प्रश्न निघाले. इंटरव्ह्यूला हमखास विचारतात: टेबलमधल्या डुप्लिकेट ओळी कशा काढाल? आणि आपण ओरॅकलचं पाठ केलेलं उत्तर देतो, की प्रत्येक गटातला सर्वात लहान रो-आयडी ठेवा, बाकीचे डिलीट करा. रो-आयडी म्हणजे ती ओळ डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. कॉड यांनी जन्मभर सांगितलं की प्रोग्रामला डिस्कवरचा पत्ता कळण्याची गरजच पडू नये. आणि डुप्लिकेटने आपल्याला नेमकं त्याच पत्त्यापाशी आणून सोडलं. युनियनची गंमत तर आणखी न्यारी. युनियन लिहिलं की डुप्लिकेट आपोआप जातात, राहू द्यायचे तर युनियन ऑल लिहा. सिलेक्टमध्ये बरोब्बर उलटं. एकाच भाषेत दोन कायदे.

की लावली असेल तर मात्र डेटाबेस दारातच अडवतो. कसं ते एकदा समजून घ्या, व्हायव्हाला उपयोगी पडेल. प्रायमरी की किंवा युनिक लावलं की डेटाबेस त्या कॉलमचा इंडेक्स बनवतो, बहुधा बी-ट्री. नवी ओळ आली की सगळं टेबल न वाचता त्या झाडाच्या तीन-चार पायऱ्या उतरून ती किंमत आधीच आहे का ते बघतो, आणि असेल तर एरर देऊन ओळ परत पाठवतो. प्रायमरी की रिकामी चालत नाही. युनिक चालते, आणि तिथे प्रत्येकाचं वेगळं. नल म्हणजे माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या दोन गोष्टी सारख्या आहेत असं म्हणता येत नाही, म्हणून ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस एका कॉलमला युनिक लावलं तरी त्यात कितीही नल घेतात. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एकच घेतो. अर्ध्या गावाने मोबाइल नंबर दिला नसेल आणि तो कॉलम युनिक असेल, तर दुसऱ्याच माणसाला हा सर्व्हर बाहेर काढेल.

एरर नको म्हणून पळवाटाही आहेत. मायएसक्यूएलमध्ये इन्सर्ट इग्नोर लिहिलं तर दुसरी ओळ फक्त वॉर्निंग देऊन गाळली जाते. रिप्लेस लिहिलं तर जुनी ओळ आधी डिलीट होते आणि मग नवी जाते. फॉरेन कीवर कॅस्केड असेल तर जुन्या ओळीला लटकलेलं सगळं तिच्याबरोबर साफ. मी तर म्हणेन की रिप्लेस लिहिण्याआधी तीनदा विचार करा. ऑन डुप्लिकेट की अपडेट बरं, जुनी ओळ जागेवर राहून फक्त बदलते. पोस्टग्रेसमध्ये २०१६ पासून ऑन कॉन्फ्लिक्ट आलं आहे, त्याचाही उपयोग तोच.

पण आपल्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये एकच शॉर्टकट असतो: आयडी नावाचा कॉलम टाका, ऑटो इन्क्रिमेंट करा, झाली प्रायमरी की. नियम पाळला, अर्थ गेला. एकच माणूस आज ४१ नंबरने आणि उद्या ९७ नंबरने शिरला तर डेटाबेसला दोन माणसं दिसतात. तो नंबर ठेवा, पण जोडीला खऱ्या ओळखीच्या कॉलमवर युनिकही लावा. आणि नावावर युनिक लावून भागेल असं वाटत असेल तर मराठीपुरती एक गोष्ट सांगते. शेतकऱ्यांची या शब्दातला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो. एकदा नुक्तावाला ऱ वापरून, एकदा साधा र आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर शब्द डोळ्यांना एकच. पण बाइट वेगळे, त्यामुळे बाइटला बाइट लावून तुलना करणारा इंडेक्स दोन्ही नावं बिनधास्त आत घेतो. आबांच्या वेळी दोन माणसांचा एक झाला, इथे एका माणसाचे दोन होतात.

या दुखण्यावर देशात सर्वात मोठा उपाय झाला तो आपल्याच महाराष्ट्रात सुरू झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. बारा अंक, त्यातला शेवटचा बाकीच्यांवरून काढलेला, म्हणजे टाइप करताना एक आकडा चुकला तर लगेच कळावं. नंबर मुद्दाम असा की त्यावरून जात, गाव, वय काहीच कळू नये. आणि नवा माणूस आला की त्याचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं आधीच्या सगळ्यांशी ताडून बघायची, तो आधी कधी आला होता का. ऑटो इन्क्रिमेंट आणि यात हाच फरक. आयुष्यभर वावरात राबलेल्या म्हाताऱ्यांचे ठसे घासून जातात आणि मशीन त्यांना ओळखत नाही, हे दुखणं आहेच. पण तो कीचा नाही, बोटाचा प्रश्न आहे.

कॉड यांची शेवटची वर्षं काहीशी भांडणातच गेली. ऐंशीच्या दशकात जो तो आपल्या जुन्या प्रॉडक्टवर रिलेशनल असं लेबल चिकटवू लागला, तेव्हा चिडून त्यांनी १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्डमध्ये ते बारा नियम लिहिले. खरं तर मोजले तर तेरा, कारण सुरुवात शून्यापासून आहे. त्यातला दुसरा नियम नीट वाचा: टेबलचं नाव, प्रायमरी कीची किंमत आणि कॉलमचं नाव एवढ्यावर कुठलीही एक किंमत मिळालीच पाहिजे. की नसेल तर हा नियम जागच्या जागी मोडतो. त्याआधी १९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली होती आणि ख्रिस डेट यांच्याबरोबर सल्लागार कंपनी काढली. सी. जे. डेट म्हणजे आपल्या लायब्ररीतल्या त्या जाड पुस्तकाचे लेखक. आमच्या हॉस्टेलमध्ये निम्म्या मुली त्यांना पुण्याचे दाते समजतात! ते इंग्रजच आहेत. आपले दातेही होऊन गेले म्हणा, शंकर गणेश दाते. त्यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची केली. कॉम्प्युटरशिवाय एवढ्या पुस्तकांत तेच पुस्तक दुसऱ्यांदा शिरू न देणं काय काम असेल, याचा विचार करून बघा.

१९८८ मध्ये कॉड यांनी डेटामेशन मासिकात एसक्यूएलच्या घातक दोषांवर दोन भागांत लेख लिहिला. पहिल्या नंबरला डुप्लिकेट ओळी. तोवर १९८६ मध्ये एसक्यूएलचं स्टँडर्ड होऊन गेलेलं होतं, बँका आणि विमान कंपन्या त्यावर चालत होत्या. कोण बदलणार? १९९० च्या पुस्तकातही त्यांनी सारख्या ओळींच्या टेबलांना रिलेशन म्हणायला साफ नकार दिला, ती त्यांच्या लेखी बिघडलेली. १९९३ मध्ये त्यांच्या नावाने ओलॅपवरचा पेपर आला, त्याला पैसा आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीचा होता आणि नियमही तिच्या प्रॉडक्टला शोभतील असे निघाले, त्यावरून टीका झाली. मला हा भाग आवडत नाही. ज्याने मॅकार्थीपुढे मान तुकवली नाही त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. पण गोष्ट सांगायची तर हेही सांगायला हवं.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात विल्यम्स आयलंड इथे हृदयविकाराने ते गेले, ऐंशीला काही महिने कमी असताना. पुढच्या वर्षी एसीएमच्या डेटाबेस विभागाने आपल्या मोठ्या पारितोषिकाला त्यांचं नाव दिलं. त्यानंतर एसक्यूएलच्या स्टँडर्डच्या किती तरी आवृत्त्या निघाल्या. एकीनेही डुप्लिकेट ओळींना मनाई केली नाही. सिलेक्टच्या पुढे डिस्टिंक्ट आपल्यालाच लिहावं लागतं.